तीन पानं टाचून आलेलं पुस्तक

आमच्या पुस्तकभिशीत सहा वर्षांत पहिल्यांदा आवाज चढले, आणि तेही एका स्वीडिश खुनाच्या गोष्टीवरून. भिशीत आम्ही सहा जणं. महिन्याला दोनशे रुपये काढायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं पुस्तक निवडून आणायचं आणि एकच प्रत सगळ्यांत फिरवायची. उरलेल्या पैशांची भजी. जूनमध्ये चिठ्ठी निघाली आमच्या वरच्या मजल्यावरच्या सॉफ्टवेअरवालीची. तिनं आणली स्टीग लारसनची 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू'. इंग्रजी, पाचशेच्या वर पानं, जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून दीडशे रुपयांत.

घरी आल्यावर कळलं की सुरुवातीची वंशावळीची पानं कुणीतरी फाडून नेलीयत. "पानं बघून घेतली नाहीस का?" असं विचारल्यावर ती पोरगी म्हणाली, "घेतली की, शेवटची. रहस्यकथेत शेवटचीच बघतात." तिचंही चुकलं नाही. पण या कादंबरीत वांगर नावाचं उद्योगपतींचं खानदान आहे. भाऊ, पुतणे, सुना, चुलत बहिणी अशी भरताड, आणि बहुतेकांचं एकमेकांशी वाकडं. त्यातले तीन भाऊ तर एके काळचे नाझी. शेवटी आमच्या वन्संनी (माझी मोठी नणंद, शाळेत इतिहास शिकवायच्या) जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर शाईपेनानं वंशावळ काढून पुस्तकात घडी करून ठेवली. जिच्या गायब होण्याभोवती सगळी गोष्ट फिरते त्या हॅरिएटच्या नावाभोवती लाल चौकट. तेव्हा तुम्ही घेणार असाल तर पहिली पानं आधी तपासा. वंशावळीशिवाय पहिली दोनशे पानं म्हणजे अनोळखी लग्नात पंगतीला बसल्यासारखं होतं.

गोष्ट थोडक्यात अशी. मिकाएल ब्लोमक्विस्ट हा 'मिलेनियम' नावाच्या मासिकाचा पत्रकार. वेनरस्ट्रॉम नावाच्या एका बड्या उद्योगपतीविरुद्ध लिहितो, पुरावा टिकत नाही, बदनामीच्या खटल्यात तीन महिन्यांची शिक्षा होते. तोंड लपवायला जागा नाही अशा वेळी म्हातारे हेनरिक वांगर त्याला उत्तरेकडच्या एका बेटावर बोलावतात. १९६६ साली त्यांच्या भावाची सोळा वर्षांची नात हॅरिएट बेटावरून नाहीशी झाली. त्या दिवशी पुलावर टँकरचा अपघात झाला होता, त्यामुळे तासन् तास बेटावरून कुणी गेलं नाही की आलं नाही. मुलगी मात्र गेली. ती त्यांच्या दर वाढदिवसाला त्यांना एक वाळवलेलं फूल चौकटीत घालून द्यायची. ती गेल्यावरही दर वर्षी फूल येतच राहिलं, पाठवणाऱ्याचं नाव नाही. म्हाताऱ्याची खात्री आहे की खुनीच आपल्याला छळतोय.

इथवर ऐकलं की कुणीही पुस्तक उचलेल. पण इथवर यायच्या आधी पैशांच्या घोटाळ्यांची पानंच्या पानं आहेत, आणि आमच्यात पहिली फूट तिथेच पडली. मी कंटाळले, पोरगी तर सरळ पानं उडवत गेली. आमच्या भिशीतले निवृत्त बँक मॅनेजर मात्र म्हणाले की अख्ख्या पुस्तकात वाचण्याजोगं तेवढंच आहे, बाकी सगळी विकृती. वेनरस्ट्रॉम सरकारी योजनेतून सहा कोटी क्रोनर उचलतो, पोलंडमध्ये कारखाना काढतो म्हणून सांगतो, आणि प्रत्यक्षात निघते एक पत्र्याची शेड आणि भंगारातली यंत्रं. हे सांगताना साहेबांचे डोळे चमकत होते. "मी असल्या तीन शेडी स्वतः जाऊन पाहिल्यात. बोर्ड रंगवलेला असतो, मशीनवर ताडपत्री असते, आणि चहा फार चांगला पाजतात." त्यानंतर मी ती पानं परत वाचली. साहेबांचा आवाज कानात ठेवून वाचली तर बरी लागतात.

दुसरी फूट पानं टाचण्यावरून. पुस्तक वन्संकडून सिस्टरांकडे गेलं (जिल्हा रुग्णालयात तीस वर्षं काढलेल्या स्टाफ नर्स) तेव्हा मधली तीन पानं स्टेपलरनं टाचलेली होती आणि वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'वगळले तरी चालेल.' ज्यांनी कादंबरी वाचलीय त्यांना ती पानं कुठली ते सांगायला नको. लिस्बेथ सालांडर ही चोविशीतली, किरकोळ अंगाची, अंगावर गोंदवून घेतलेली, कुणाशी धड न बोलणारी मुलगी, संगणकात शिरून लोकांची माहिती काढण्यात पटाईत. कायद्याच्या लेखी ती स्वतःचा कारभार बघायला असमर्थ, म्हणून तिच्यावर एक वकील पालक नेमलेला. तिच्या बँक खात्याच्या चाव्या त्याच्या हातात. आणि तो त्याचा जो फायदा उठवतो तो त्या पानांत आहे.

सिस्टरांनी टाचण्या काढल्या, पानं वाचली आणि भिशीत शांतपणे सांगितलं, "मारहाणीचं वर्णन कुणीही लिहितं हो. या माणसानं नंतरचं लिहिलंय. ती घरी कशी पोचते, काय दुखतं, आठवडाभर कशी पडून राहते. माझ्याकडे बायका आल्या त्या या नंतरच्याच वेळी. हे लिहिणारा मजा घेत नाहीये." वन्संचं म्हणणं उलट. "मजा तो घेत नसेल, पण घेणारे घेतात. आणि पुढे ती त्याचा जो सूड उगवते, ते वाचताना मलाही बरं वाटलं, याचीच मला लाज वाटली." मी या वादात बरीच पुढेमागे झाले. आज विचाराल तर मी सिस्टरांच्या बाजूची आहे, फक्त सूडाच्या पानांपुरती वन्संची.

पोरगीचं मत अगदीच निराळं. तिला त्या पानांचं काही वाटलं नाही (हे ऐकून वन्संनी माझ्याकडे पाहिलं), तिला राग आला संगणकाचा. लिस्बेथ नवा लॅपटॉप घ्यायचा ठरवते तेव्हा लारसन ॲपल पॉवरबुकचा प्रोसेसर, ९६० एमबी रॅम, ६० जीबीची हार्ड डिस्क असं सगळं मांडतो. "दुकानातलं माहितीपत्रक छापलंय. आणि तिचं हॅकिंग म्हणजे जादू, कुठल्याही माणसाच्या मशीनमध्ये घुसते, कधी अडतच नाही." दुसरा राग ब्लोमक्विस्टवर. जी बाई भेटेल ती याच्या प्रेमात. "लेखक पत्रकार, नायक पत्रकार, दोघंही चाळिशीच्या पुढचे. कळतंय ना?" यावर साहेब सोडून सगळे हसले. याच्या जोडीला मी माझी एक तक्रार घालते: या पुस्तकात माणसं इतकी कॉफी पितात की तिसऱ्या दिवशी मला वाचता वाचता ॲसिडिटी झाली. कॉफी आणि सँडविच. कुणी एकदा तरी भात लावावा.

आता जे मला मनापासून आवडलं ते. मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक आहे, एकवीस वर्षं. साक्षीदार पिंजऱ्यात बोलतो, न्यायाधीश डिक्टेशन देतात, मी उतरवते. त्यामुळे तपासाच्या गोष्टींमधला खोटा तपास मला लगेच टोचतो. इथला तपास खरा आहे, म्हणजे कंटाळवाणा आहे. ब्लोमक्विस्टकडे १९६६ च्या त्या दिवशीचे, गावातल्या मिरवणुकीचे, स्थानिक वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरनं काढलेले फोटो असतात. एकामागून एक बघताना त्याच्या लक्षात येतं की गर्दीत उभ्या हॅरिएटचा चेहरा मधेच बदललाय. रस्त्यापलीकडे तिला काहीतरी दिसलंय. काय ते फोटोत नाही, कारण कॅमेरा तिच्याकडे वळलेला आहे. पण त्याच गर्दीत मागे एक अनोळखी तरुणी स्वतःचा कॅमेरा डोळ्याला लावून उभी आहे, आणि तिचा कॅमेरा पलीकडे रोखलेला आहे. म्हणजे उत्तर कुणाच्या तरी घरच्या अल्बममध्ये असणार, सदतीस वर्षं. मग ती बाई शोधायची कशी? दुसऱ्या एका फोटोत ती नवऱ्याबरोबर गाडीत बसताना दिसते आणि गाडीवर कुठल्याशा सुतारकामाच्या कारखान्याचं अर्धवट वाचता येणारं स्टिकर आहे. तेवढ्यावर हा बाबा पार उत्तरेतल्या नोर्शोपर्यंत गाडी हाणत जातो.

ही पानं मी रात्री दोन वाजेपर्यंत वाचली. ना बंदूक, ना पाठलाग. एक माणूस जुने फोटो बघतोय, बस्स. आमच्याकडे एकदा एका जमिनीच्या दाव्यात बारशाच्या फोटोतल्या मागच्या भिंतीवरून घर कधी बांधलं ते ठरलं होतं, त्याची आठवण झाली. साहेबही मान्य करून गेले की फोटोंचा भाग "बॅलन्सशीटइतका" चांगला आहे. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी निघत नाही. हॅरिएटच्या डायरीतली पाच नावं आणि पाच आकडे, जे टेलिफोन नंबर समजून एका पोलीस अधिकाऱ्यानं उभी हयात डोकं फोडलं, तेही असंच. आकड्यांचा अर्थ मी सांगणार नाही. कळला तेव्हा मी पुस्तक पालथं ठेवून पाणी पिऊन आले.

लारसनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझं पुढचं भांडण त्याशिवाय कळणार नाही. हा माणूस स्वतः पत्रकार. १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'एक्स्पो' नावाच्या नियतकालिकाच्या संस्थापकांपैकी एक, स्वीडनमधल्या उजव्या अतिरेकी टोळ्यांवर नजर ठेवणारा, त्यांच्या धमक्या झेलणारा. ९ नोव्हेंबर २००४ ला कचेरीची लिफ्ट बंद होती म्हणून सात मजले चढून गेला आणि हृदयविकारानं गेला. वय पन्नास. कादंबरी आली २००५ मध्ये. कोट्यवधी प्रती खपल्या, त्यातली एकही त्यानं पाहिली नाही. एव्हा गॅब्रिएलसन ही त्याची बत्तीस वर्षांची जोडीदार. पण लग्न केलेलं नव्हतं, आणि स्वीडिश कायद्यात नुसत्या सहवासाला वारसाहक्क नाही. १९७७ सालचं एक मृत्युपत्र सापडलं, तर त्यावर साक्षीदारांच्या सह्या नाहीत, म्हणून तेही बाद. सगळं वडील आणि भावाकडे गेलं. हे वाचलं तेव्हा मी आमच्या दिवाणी विभागातल्या मैत्रिणीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "तिकडेही हेच का!" बत्तीस वर्षं एका छताखाली, पण कागदावर नाही. त्यात इंग्रजी अनुवादकानंही पुस्तकावर स्वतःचं खरं नाव लावलेलं नाही. प्रकाशकानं संपादनात केलेले बदल पटले नाहीत म्हणून रेग कीलंड असं टोपणनाव घेतलं.

आणि मूळ नाव! स्वीडिशमध्ये या कादंबरीचं नाव आहे 'स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष'. इंग्रजीत येताना ते झालं अंगावर गोंदण असलेल्या मुलीचं. पहिल्या नावात गुन्हेगारांकडे बोट आहे, दुसऱ्यात एक मुलगी आणि तिची पाठ. खप वाढला असेल, नाकारत नाही. पण आत लारसननं कादंबरीच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एकेक आकडा छापलाय, स्वीडनमधल्या बायकांचा. १८ टक्के बायकांना कधी ना कधी पुरुषानं धमकावलंय. ४६ टक्क्यांनी पुरुषाकडून हिंसा सोसलीय. आणि शेवटच्या भागाआधी: लैंगिक अत्याचार झालेल्या ९२ टक्के बायकांनी अलीकडच्या घटनेची पोलिसांत तक्रारच केलेली नाही. पोरगीला हे आकडे प्रचारकी वाटले. मला नाही वाटले. लिस्बेथ त्या ९२ मधलीच एक आहे, ती पोलिसांकडे जात नाही. का जात नाही ते लारसननं इतकं नीट दाखवलंय की तिला दोष द्यायला जागा उरत नाही.

इथून पुढे शेवटाबद्दल आहे. खुनी कोण ते सांगत नाही, पण ज्यांना कोरी पाटी हवी त्यांनी इथे थांबावं.

हॅरिएटचा शोध घेता घेता बाहेर येतं की प्रकरण एका मुलीचं नाहीच. वर्षानुवर्षं बायका मारल्या गेल्यात. कुणी नोकरी करणारी, कुणी शेतकऱ्याची बायको, पुढेपुढे तर परदेशातून आलेल्या, ज्यांच्या नाहीसं होण्याची कुणी चौकशीसुद्धा केली नाही अशा. खुनी मरतो. आणि मग वांगर कुटुंबाचा वकील ब्लोमक्विस्टला म्हणतो की हे छापू नका. आणि ब्लोमक्विस्ट ऐकतो! लिस्बेथसुद्धा ऐकते, वर अटी घालते: जितक्या बायकांची ओळख पटेल तितक्यांच्या घरच्यांना भरपाई द्या, आणि कंपनीनं अत्याचारग्रस्त बायका-मुलींच्या आधारकेंद्रांना दर वर्षी वीस लाख क्रोनर द्या. प्रकरण मिटलं. त्यानंतर हा पत्रकार उठतो आणि वेनरस्ट्रॉमच्या पैशांच्या घोटाळ्यावर मासिकाचा अख्खा अंक काढतो, वर एक पुस्तकही लिहितो. पैशांच्या अफरातफरीवर अंक आणि पुस्तक, बायकांच्या खुनांवर एक ओळ नाही.

भिशीत आवाज चढले ते इथे. साहेब म्हणाले, "छापलं असतं तर कंपनी बुडाली असती. हजारो कामगारांच्या घरच्या चुली कोण पेटवणार होतं?" सिस्टर म्हणाल्या, "मेलेल्या परत येत नाहीत. पण त्या पैशांतून चार जिवंत बायकांना रात्री झोपायला जागा मिळेल. मी असते तर मीही पैसे घेतले असते." सिस्टरांचं बोलणं खोडणं कठीण असतं, कारण त्या नेहमी झोपायची जागा, टाके, रक्ताची बाटली असल्या गोष्टी बोलतात. तरी मी भांडले.

माझं म्हणणं असं. बलात्काराच्या खटल्यात आपल्याकडे पीडितेचं नाव छापायला बंदी आहे, जुन्या भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ होतं, आता नव्या न्याय संहितेत ७२. मी स्वतः कित्येक निकालांत नावाच्या जागी 'पीडिता' टाइप केलंय. इन कॅमेरा साक्ष असते तेव्हा कोर्ट रिकामं करतात आणि आम्ही चार-पाच जणं उरतो. पण नाव झाकलं तरी गुन्हा उघडा असतो. तारीख असते, आरोप असतो, निकाल असतो, फायलीला नंबर असतो. शंभर वर्षांनी कुणी अभिलेख कक्षात गेलं तर त्याला ते सापडतं. ब्लोमक्विस्टनं गुन्हाच झाकला. भरपाईचं पाकीट घरी आलं तरी आईबापाला कळणार काय? आणि ज्या लेखकानं आधी ९२ टक्क्यांचा आकडा ठणकावून छापला, त्याच्याच नायकानं शेवटी तक्रार करायची नाही असं ठरवावं? लारसनला हे कळत होतं. ब्लोमक्विस्टला ते आतून कुरतडतं असं त्यानं दाखवलंय. पण कुरतडतं म्हणजे किती, तर दोन-चार पानं. मग परत वेनरस्ट्रॉम.

सगळ्यांत अनपेक्षित म्हणजे वन्सं माझ्या बाजूनं उठल्या. "पेपरात मोठ्या अक्षरांत यायला पाहिजे होतं सगळं! पोरींच्या आया अजून दाराकडे बघत बसल्या असतील."

मी म्हटलं, "वन्सं, पानं तर तुम्हीच टाचली होतीत."

"अगं, ते वाचणाऱ्यांसाठी. मी छापणाऱ्यांबद्दल बोलतेय." मग थोडं थांबून, "आणि टाचली होती, फाडली नव्हती."

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं आणि भजी गार झाली होती.

घ्यावं का? खुनी ओळखण्याचा खेळ म्हणून घेणार असाल तर जरूर घ्या, फोटोंचा भाग एकटाच दीडशे रुपये वसूल करतो. पहिली शंभर पानं नेटानं काढा, नाहीतर बँकेतलं कुणीतरी शेजारी बसवा. रात्री एकट्यानं वाचत असाल किंवा घरात अशा कुणा जुन्या जखमेची आठवण असेल तर टाचलेली पानं खरंच सोडा, गोष्ट कळायला अडत नाही. शेवटची ऐंशीएक पानं लांबली आहेत, रहस्य उलगडून झाल्यावरही वेनरस्ट्रॉमचा हिशोब चालूच राहतो. सिनेमाही आहेत दोन, २००९ चा स्वीडिश आणि २०११ चा डेव्हिड फिंचरचा. दुसरा आपल्याकडे थिएटरात लागलाच नाही, सेन्सॉर मंडळानं काटछाट सुचवली आणि दिग्दर्शक कापायला तयार झाला नाही. वन्संना हे सांगितलं तर म्हणाल्या, बरोबरच केलं त्यानं. या बाईचं मला काही कळत नाही.

पाचात किती तारे असं पोरगी विचारते. तिनं तीन दिले, सिस्टरांनी साडेचार, वन्संनी 'तारे कसले द्यायचे या विषयाला' म्हणून दिलेच नाहीत. साहेबांनी दोन दिले, आणि या मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकात पैशांचं आणखी काही आहे का ते मला हळूच विचारलं. माझे चार. शेवट वेगळा असता तर पाच.

पुस्तक सध्या माझ्याकडेच आहे, सहावे मेंबर गावाहून परत येईपर्यंत. परवा त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर मी सापडतील तेवढ्या बायकांची नावं उतरवली. रेबेका, मारी, राकेल, मग्दा, लिव्ह, लेआ, सारा, लेना. सवयीनं आधी लघुलिपीत लिहिली, मग वाटलं हे माझ्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही, म्हणून खाली पुन्हा देवनागरीत. बाकीच्यांची नावं कादंबरीतच नाहीत. त्यांच्यासाठी खाली जागा सोडली आहे.